लॅपटॉप हँग झाला तर

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ आहे. भाजीपाल्याला कराडची पेठ, हळदीला सांगलीची. गावात एक लहान दूध संस्था आहे. सभासद बावन्न. सकाळ-संध्याकाळ दूध येते. माप होते, फॅट लागते आणि आकडे वहीत लिहिले जातात. दर दहा दिवसांनी बिल निघते. हे बिल आता लॅपटॉपवर तयार होते.

संस्थेच्याच खोलीत रोज संध्याकाळी सात वाजता आमचा साक्षरता वर्ग भरतो. एका भिंतीला पशुखाद्याची पोती आणि दुसऱ्या भिंतीला आमचा फळा.

एका दहा तारखेची गोष्ट. सचिव दुपारी तीनपासून वहीतले आकडे लॅपटॉपवर चढवत होता. बावन्न सभासद, दहा दिवस, दोन वेळचं दूध. म्हणजे एक हजार चाळीस नोंदी. आम्ही वर्गाला आलो तेव्हा थोडंच काम उरलं होतं. इतक्यात तो ओरडला, “गुरुजी, मशीन मेलं की वो!”

पाहिलं तर पडद्यावर आकडे दिसत होते, पण बाण जागचा हालत नव्हता. बटण दाबलं तरी अक्षर उमटत नव्हतं. सचिवानं मग दहा बटणं एकदम दाबली. टेबलावर थाप मारली. कोणीतरी म्हणाला, “वायर काढ.” वायर काढली. लॅपटॉपला पोटात बॅटरी असते, त्यामुळे काहीच फरक पडला नाही. दुसरा म्हणाला, “चालू करायचं बटण दाबून धर.” ते धरलं. पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केल्यावर आकड्यांचा तक्ता उघडला. डाव्या बाजूला एक पट्टी आली होती, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. “हे कशाला मधेच?” म्हणून सचिवानं ती बंद केली. तक्ता कोरा होता. तीन वाजल्यापासून त्यानं एकदाही काम सेव्ह केलं नव्हतं.

दारात एक आजी बसल्या होत्या. त्यांची एकच म्हैस. नातू शिकायला बाहेरगावी असतो. त्याच्या वसतिगृहाचे पैसे सकाळी भरायचे होते. त्या एवढंच म्हणाल्या, “मग आज बिल न्हाई व्हय?”

वही होती म्हणून बरं. त्या रात्री आमचा वर्ग फळ्यापुढे भरला नाही, लॅपटॉपपुढे भरला. वर्गातल्या बायांनी वहीतले आकडे आळीपाळीनं वाचायचे, सचिवानं ते चढवायचे आणि मोठ्यानं परत वाचून दाखवायचे, असं ठरलं. साताऱ्याला १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या आईनं कंदिलाच्या उजेडात अंक गिरवले होते, असं ती सांगे. तिची त्या रात्री आठवण झाली. चार महिन्यांपूर्वी ज्यांना सात आणि नऊ यांत फरक कळत नव्हता, त्या “सहा पूर्णांक आठ” असं न अडखळता वाचत होत्या. एका ठिकाणी सचिवानं “एक्केचाळीस लिटर” असं परत वाचलं. आजी दारातून उठून आत आल्या. म्हणाल्या, “माझी म्हस एका वक्ताला एक्केचाळीस लिटर द्यायला लागली, तर मी बंगला बांधीन की!” चार पूर्णांक एक होतं. मधला ठिपका राहिला होता.

साडेअकराला बिल पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आम्ही आणि सचिव कराडला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पोरगा वयानं आमच्या विद्यार्थ्यांच्या मुलाएवढा. पण त्यानं दोन तास बसवून सारं समजावून दिलं. आम्ही काही यंत्राचे जाणकार नव्हे. त्यानं जे सांगितलं आणि आम्ही पुढे स्वतः जे करून पाहिलं, ते इथे लिहितो. आता पुष्कळ घरांत मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप येतो. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, बचत गटातही येतो. तो कधी ना कधी अडून बसतोच. यालाच मुलं ‘हँग झाला’ म्हणतात.

पहिल्यांदा, हँग होतं म्हणजे काय होतं?

खळं आणि कणगी डोळ्यांपुढे आणा. रानातला माल आपण आधी खळ्यावर आणतो. तिथं मळणी होते, उफणणी होते. मग धान्य कणगीत जातं. लॅपटॉपच्या आतही असंच असतं. त्याच्या खळ्याला रॅम म्हणतात. चालू काम सगळं तिथं चालतं. त्याच्या कणगीला डिस्क म्हणतात. आपण सेव्ह करतो तेव्हा माल खळ्यावरून कणगीत जातो. खळ्यावर माल पडलेला असताना वळवाचा पाऊस आला तर काय होतं, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. वीज गेली, यंत्र बंद पडलं, की खळ्यावरचं सगळं जातं. कणगीतलं राहतं. सचिवाचे चार तासांचे आकडे खळ्यावर होते.

आता खळं लहान आणि पेंढ्या फार, असं झालं तर बैलाला फिरायला जागा राहत नाही. लॅपटॉपवर एकाच वेळी हिशेब उघडा, गाणी लावा, वीस पानं उघडून ठेवा, की तेच होतं. तो मग थोडा माल खळ्यावरून कणगीत नेतो, पुन्हा आणतो, पुन्हा नेतो. त्या ये-जा करण्यात त्याचा सगळा वेळ जातो. बाहेरून आपल्याला वाटतं की तो मेला. तो मेलेला नसतो. आत राबत असतो.

म्हणून दुरुस्तीवाल्यानं पहिली गोष्ट सांगितली ती ही की हात काढून घ्या आणि पाच मिनिटं थांबा. आपण जितकी बटणं दाबतो, तितके हुकूम त्याच्या दारात रांग लावतात. मग तो सुटला तरी ते हुकूम एकामागून एक पाळत बसतो. पंख्याचा आवाज येतो का, छोटा दिवा लुकलुकतो का, ते पाहा. तसं असलं तर आत काम चाललं आहे. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांत विंडोज नावाची व्यवस्था असते. तिचा एक नियम आहे. एखाद्या कामानं पाच सेकंद हाकेला ओ दिली नाही, की त्या कामाच्या नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लिहून येतं. म्हणजे ‘ओ देत नाही’. पाच सेकंद म्हणजे किती, तर आपण तंबाखूला चुना लावेपर्यंतचा वेळ. तेवढ्यावरून यंत्र मेलं असं ठरवू नये.

पाच मिनिटांनी काही झालं नाही, तर आता नाडी बघायची. कळफलकावर ‘कॅप्स लॉक’ नावाचं बटण डाव्या हाताला असतं. पुष्कळ लॅपटॉपांत ते दाबलं की एक बारीक दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. दिवा असा लागत-विझत असेल, तर यंत्र शुद्धीवर आहे. एकच काम अडलं आहे. दिवा असूनही तो बदलत नसेल, तर सगळंच थिजलं आहे असं समजावं.

कधी कधी यंत्र ठीक असतं आणि बाण तेवढा हलत नाही. बोट फिरवायची जी सपाट जागा असते, ती एका बटणानं बंद करता येते. चुकून त्या बटणाला बोट लागतं. आमच्या घरी नातीनं यावरून एक दिवस रडून घेतलं होतं. अशा वेळी तारेचा माऊस लावून पाहावा.

आणि कधी लॅपटॉपही ठीक असतो, बाणही ठीक असतो, अडलेलं असतं ते पलीकडचं. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत सगळा महाराष्ट्र एकाच दारात उभा राहतो. पान उघडत नाही, गोल चक्र फिरत राहतं. तिथं आपल्या लॅपटॉपला झोडून उपयोग काय? दुसरं काही उघडून पाहा. ते उघडलं, तर दोष आपल्या यंत्राचा नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा बसावं. शक्य असेल तर शेवटचा दिवस गाठूच नये.

एकच काम अडलं असेल तर ते एकटं बाजूला काढता येतं. नांगराच्या चार बैलांतला एक बसला, तर आपण त्या एकाचं जू सोडतो. सगळं औत मोडत नाही. यासाठी तीन बटणं एकदम दाबायची. तिन्ही कळफलकाच्या डाव्या काठाला आहेत. खालच्या कोपऱ्यात कंट्रोल, त्याच्या वर शिफ्ट, आणि वरच्या कोपऱ्यात एस्केप. काही लॅपटॉपांत खालच्या कोपऱ्यात दुसरंच बटण असतं, तेव्हा कंट्रोल त्याच्या शेजारी सापडतं. कंट्रोल आणि शिफ्ट धरून ठेवायची आणि एस्केप दाबायचं. एक यादी उघडते. त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या कामांची नावं तिच्यात असतात. अडलेल्या कामाच्या नावावर बाण नेऊन एकदा दाबायचं, आणि मग ‘एंड टास्क’ हे बटण दाबायचं. त्या कामातलं सेव्ह न केलेलं जाईल, हे खरं. पण बाकीची कामं वाचतात. म्हणून घाईनं हे करू नये. जे काम महत्त्वाचं, त्याला आणखी दहा मिनिटं द्यावीत आणि आधी दुसरी फुटकळ कामं बंद करावीत. खळं मोकळं झालं, की पुष्कळदा अडलेलं काम आपोआप चालू होतं.

यादी उघडलीच नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबावीत. या तीन बटणांची एक गंमत आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीचा घरगुती संगणक १९८१ साली बाजारात आला. तो बनवणाऱ्यांत डेव्हिड ब्रॅडली नावाचे एक इंजिनिअर होते. यंत्र झटकन पुन्हा सुरू करायला त्यांनी बटणांची जोडणी केली. पहिल्यांदा तिघांतलं शेवटचं बटण एस्केप होतं. पण तिन्ही एका हाताखाली येत. चुकून दाबली गेली की काम जाई. म्हणून त्यांनी डिलीट हे दूरचं बटण घेतलं, की दोन हात लागावेत आणि माणसानं समजून-उमजून दाबावं. आता ती तीन दाबली तरी यंत्र लगेच बंद होत नाही. आधी एक वेगळा पडदा येतो. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बंद करायचं आणि पुन्हा सुरू करायचं चिन्ह असतं.

पडदाच काळा झाला असेल पण पंखा फिरत असेल, तर आणखी एक युक्ती आहे. विंडोजचं चार चौकोनांचं बटण, कंट्रोल आणि शिफ्ट धरून ‘बी’ दाबावं. एक टुक आवाज येतो आणि पडदा क्षणभर लवतो. चित्र दाखवणारा भाग तेवढा नव्यानं सुरू होतो. काम जात नाही. बाहेरून लावलेला पेन ड्राइव्ह, प्रिंटर हेही काढून पाहावेत. एखादा खराब पेन ड्राइव्ह सगळ्या यंत्राला अडवून धरतो.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर मग शेवटचा उपाय. चालू करायचं बटण दाबून धरायचं. नुसतं दाबलं तर लॅपटॉप झोपतो. साधारण दहा सेकंद धरलं की बंद पडतो. मग अर्धा मिनिट थांबून पुन्हा चालू करायचा. हा उपाय शेवटी का? त्या घडीला तो कणगीत काही भरत असेल, तर ते अर्धं राहतं आणि पुढे ती फाईल उघडत नाही. पडद्यावर ‘बंद करू नका’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल, टक्के चढत असतील, तर हात लावू नये. तो स्वतःची डागडुजी करत असतो. तिला कधी तासभरही लागतो. त्या वेळी चार्जर लावलेला असावा.

आता त्या डाव्या बाजूच्या पट्टीची गोष्ट. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, “पुन्हा चालू केल्यावर बाजूला एक पट्टी आली होती का?” सचिव म्हणाला, “आली होती. मी बंद केली.” पोरानं कपाळाला हात लावला. एक्सेल, वर्ड यांसारख्या कामांत यंत्र दर दहा मिनिटांनी स्वतःच एक प्रत बाजूला ठेवत असतं. यंत्र अचानक बंद पडलं, तर पुढच्या वेळी उघडल्यावर ते विचारतं, ही प्रत हवी का? ती पट्टी म्हणजे हाच प्रश्न. त्या प्रतीत सचिवाचे जवळजवळ सगळे आकडे असणार होते. सात वाजता पाच मिनिटं जास्त दिली असती, ती पट्टी कोणा वाचणाऱ्याकडून वाचून घेतली असती, तर साडेअकरापर्यंत बसावं लागलं नसतं. आम्हीही तिथंच उभे होतो. आम्हांला इंग्रजी येतं. आम्हीही ती वाचली नाही. पडदा काळा झाला तेव्हा सगळेच घाबरलो होतो.

मग पोरानं लॅपटॉप खालून उघडला. आतला पंखा पाहून आम्ही थक्क झालो. त्याच्यावर पेंडीची आणि भुशाची वाकळ बसली होती! खोलीत पशुखाद्याची पोती, रोज ती ओढायची, आणि लॅपटॉप त्यांच्या शेजारी, खाली जाड कापड घातलेलं. विहिरीवरची मोटर तापली की ट्रिप होते. लॅपटॉपचंही तसंच. त्याच्या मेंदूचा गरमपणा १०० अंशांच्या आसपास गेला, की बहुतेक यंत्रं जीव वाचवायला आधी सावकाश चालतात आणि तरी भागलं नाही तर बंद पडतात. आटपाडीला, माणला एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत हे फार होतं. गोधडीवर, पोत्यावर, मांडीवरच्या उशीवर लॅपटॉप ठेवला, की त्याच्या खालच्या झरोक्यांची तोंडं बंद होतात. लाकडी फळीवर ठेवावा. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. तो घरी उघडू नये. लॅपटॉपचं पोट फुगलेलं दिसलं किंवा बोट फिरवायची जागा वर आली असली, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जिंग ताबडतोब थांबवावं, टोचायला, दाबायला जाऊ नये. ती पेट घेते. थेट जाणत्याकडे न्यावं.

कणगी गच्च भरली तरी लॅपटॉप अडतो. थोडी जागा मोकळी हवी. कणगीच खराब होत असेल, तर तो रोज अडतो, फाईल उघडायला वेळ लावतो, जुन्या पद्धतीची डिस्क असली तर कटकट आवाज करतो. असा आवाज आला तर दुरुस्तीच्या आधी सगळ्या कामाची प्रत दुसरीकडे काढावी.

एक वेगळा प्रकार सांगतो, कारण त्यात पैसे जातात. कधी पडदा एकदम भरतो, भोंगा वाजायला लागतो, ‘तुमचा संगणक बंद केला आहे, या नंबरवर फोन करा’ असं येतं. हे हँग होणं नव्हे. हा भामटेपणा आहे. ते एक साधं पान असतं, पडदाभर पसरलेलं. वर सांगितलेली यादी उघडून, ज्यातून इंटरनेट पाहतो ते काम बंद केलं, की पान जातं. त्या नंबरवर फोन करू नये. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून लॅपटॉपमध्ये काही घालू नये. ओटीपी कोणाला सांगू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी नंबरवर फोन करावा. जितका लवकर करू, तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

सचिवाला त्या रात्रीपासून वाटत होतं की आपल्या हातूनच काही मोडलं. त्याला आम्ही १९ जुलै २०२४ ची हकिकत सांगितली. त्या दिवशी जगातले सुमारे ८५ लाख संगणक थोड्या तासांत निळे पडदे दाखवून बंद पडले. विमानं थांबली, दवाखान्यांची कामं अडली. आपल्या देशात काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहून पास दिले. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीनं संगणकांच्या रखवालीसाठी एक नवी फाईल पाठवली होती, तीच सदोष निघाली. कंपनीनं ती थोड्याच वेळात मागे घेतली, पण जे संगणक आधीच पडले होते, त्यांतल्या पुष्कळांजवळ माणसानं जाऊन, ‘सेफ मोड’ म्हणजे मोजकंच सामान घेऊन सुरू करायच्या रीतीनं ते उघडून, ती फाईल काढून टाकावी लागली. तिथंही बसणाऱ्याचा काही दोष नव्हता. हे ऐकून सचिव हसला. म्हणाला, “म्हणजे विमानवाल्यांनीबी वही ठेवायला पायजे होती की, गुरुजी.”

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला लॅपटॉप पुन्हा थांबला. या खेपेस सचिवानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. आजींना म्हणाला, “आजी, चहा घ्या तवर.” पाच मिनिटं गेली. कॅप्स लॉकचा दिवा लागला-विझला. त्यानं यादी उघडली. कोणीतरी दुपारी गाणी लावून ठेवली होती. ती बंद केली. थोड्या वेळानं तक्ता सुटला. आकडे जागेवर होते, आणि तो आता प्रत्येक सभासदाचं पान झालं की कंट्रोल धरून ‘एस’ दाबतो, म्हणजे सेव्ह करतो, त्यामुळे गेले असते तरी एकाच पानाचे गेले असते. पावणेआठला आजींच्या हातात बिल होतं. त्यांनी ते तिथंच उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि मधला ठिपका बोटानं दाखवून सचिवाकडे बघितलं.

पोती आता पलीकडच्या खोलीत हलवली आहेत. लॅपटॉप एका फळीवर असतो. वही मात्र चालूच आहे.